सफरचंदाचा छुंदा

कारेलीबाग, बडोदे
२२ ऑगस्ट २०२२

ती. स्व. नलूताईस,
जनार्दनचा शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर दहा मिनिटं आपण दोघं आपापलं बोललो. मी विचारलं, पाऊस आहे का. तू सांगितलंस, दिग्विजय ऑफिसला गेलाय. तुझ्या कानातल्या यंत्राची शिट्टी मात्र मला इथं बडोद्यापर्यंत ऐकू आली. कौशल्या हसून हसून खाली बसली. तेव्हा ठरवलं, आता पत्रच. तुझं अक्षर मला लागतं, माझं तुला लागतं, मध्ये यंत्र नको.

इकडे सगळं क्षेम. रावपुऱ्यातलं दुकान सकाळी मी उघडतो, दुपारनंतर माणसं बघतात. लोणच्यांचा हंगाम संपला, म्हणून मी रिकामा, आणि रिकामा म्हणून कौशल्या वैतागलेली.

ताई, भाऊजी गेल्यावर तीन वर्षं तू आमच्याकडे होतीस. एप्रिलमध्ये लेकाकडे हिमाचलात ठियोगला निघालीस तेव्हा म्हणालीस, दिवाळीपर्यंत राहून बघते, नाही रमले तर परत येईन. कौशल्या मला बजावते की सारखं विचारू नका, त्यांना रमू द्या. मी कुठं नको म्हणतोय? पण वय बहात्तर, डोंगरातली थंडी, ओळखीचं माणूस नाही. तेव्हा खरं काय ते कळव. रमलीस का?

दिग्विजय आणि कोमलला आशीर्वाद. माझ्यावर लोभ आहे तो हवाबंद ठेव, डोंगरात दमट असतं म्हणे.

तुझा,
जनार्दन

*

ठियोग
३ सप्टेंबर २०२२

चि. जनार्दन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. पोस्टमनला इतका आनंद झाला की तो दारातच उभा राहिला. कोल्ड स्टोरेजच्या या क्वार्टरमध्ये हातानं लिहिलेलं पत्र त्यानं प्रथमच आणलं म्हणे. कोमलनं त्याला चहा दिला.

रमले का म्हणतोस. मुलगा जपतो, सून जपते. तक्रारीला जागा नाही, आणि तेच जड जातं रे. मी भाजी चिरायला घेतली की कोमल म्हणते, आई, तुम्ही बसा. कपडे घडी करायला घेतले की बसा. पाच महिने मी बसलेय. पाहुण्या माणसाला आठ दिवस बरं वाटतं, पुढं त्याचं त्यालाच कळत नाही की आपण कुणाच्या घरात आहोत.

पण आता एक काम मिळालंय. वसंतात गारा पडल्या होत्या, त्यामुळे आवारातल्या झाडांच्या सफरचंदांना ठिपके पडलेत. फळ आतून गोड, पण दिसायला देवी आल्यासारखं. व्यापारी हात लावत नाही. पंचवीस किलो पेट्यांत पडून आहेत. कोमल वाटून टाकणार होती. मी म्हटलं, माझ्यावर सोपव, वर्षभर टिकेल असं काहीतरी करते. ती लगेच हो म्हणाली, पण दिग्विजयकडे बघून म्हणाली.

हे जमलं तर मी इथं राहीन जनू, आणि राहीन ती घरातली म्हणून राहीन. तू मुरंबे-लोणची करण्यात हयात घालवलीस. काहीतरी सोपं आणि हुकमी सांग.

कौशल्याला आशीर्वाद. तुझी माया आहेच, ती पोस्टानं येत राहू दे.

ताई

*

बडोदे
१२ सप्टेंबर २०२२

ती. स्व. नलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती शुक्रवारी गेले. घर रिकामं, मोदकांचा डबा अजून भरलेला. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

तू योग्य माणसाला विचारलंस. सतराव्या वर्षी बाजव्याला रिफायनरीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागलो. तिशीत तेच कॅन्टीन मी चालवत होतो. भिंतीपलीकडून पाकाची उकळी ऐकून तो एकतारी झाला की दोनतारी, ते मी सांगायचो. आचारी पैज लावायचे आणि हरायचे.

तर ऐक. मुरंब्याच्या भानगडीत पडू नकोस, पाक पुढं गेला की दगड होतो. आपल्या बडोद्याचा छुंदा कर. सफरचंदं सालं काढून किस. किसाच्या वजनाइतकी साखर, चार लिंबं, चिमूटभर मीठ. एक रात्र झाकून ठेव. सकाळी पातेल्याला मलमल बांधून उन्हात. रोज संध्याकाळी आत आण, लाकडी डावानं ढवळ, सकाळी परत बाहेर. आठ-दहा दिवसांत साखर उन्हानंच पाकाला येते. मग लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, दोन लवंगा. गॅस नाही, करपायची भीती नाही, आणि फळाचा रंग राहतो. मे महिन्यात आपली सगळी गच्ची अशा पातेल्यांनी भरते, तुला का माहीत नाही? किसणीला कैरी काय आणि सफरचंद काय, सारखंच.

निर्धास्त कर. बिघडला तर नाव माझं.

कौशल्या विचारते की तिकडे ऊन असतं ना. तिला म्हटलं, सूर्य काय बडोदे म्युनिसिपालिटीचा आहे?

बाकी भेटीत. लोभाला अधूनमधून ऊन दाखवत जा.

तुझा,
जनार्दन

*

ठियोग
२६ सप्टेंबर २०२२

चि. जनार्दन यास,
अनेक आशीर्वाद.

छुंदा केला. ठीक झाला. कोमल त्यावर काही बोलली नाही.

हल्ली मी स्वयंपाकघरात फारशी जात नाही. खिडकीत बसते, समोर देवदार आहेत, बरं वाटतं. थंडी सुरू झाली. आज घट बसले, तिकडे गरब्याची धामधूम असेल.

माझी काळजी करू नये. माया आहे तशी असू दे.

ताई

*

बडोदे
३ ऑक्टोबर २०२२

चि. दिग्विजय यास,
जनार्दनमामाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच लिहितोय, आईला दाखवू नकोस.

मी शिकलो थोडं, पण माणूस काय बोलत नाही ते मला आधी ऐकू येतं. चाळीस वर्षं पंगती वाढल्या. जेवणारा ‘छान’ म्हणाला तर रीत म्हणून बोलतो असं समजावं. पण ‘ठीक आहे’ म्हणाला की त्याचं ताट अर्धं परत येणार हे मी पैजेवर सांगायचो. तुझ्या आईनं मला लिहिलंय, ठीक झाला. आणि पुढं लिहिलंय की ती आता स्वयंपाकघरात जात नाही.

पंचवीस वर्षं ज्या बाईनं कुणाला चुलीपुढं उभं राहू दिलं नाही, ती खिडकीत बसून झाडं बघते? तिनं हौसेनं केलेल्या पदार्थावर सुनेनं एक शब्द काढू नये? कोमल आमच्या कारेलीबागेतली मुलगी, तिच्या वडिलांना मी ओळखतो. तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती. डाग पडलेली फळं सासूच्या पुढ्यात टाकायची आणि वर मौन धरायचं, ही कुठली रीत?

मी दिवाळीआधी येतो आणि ताईला घेऊन जातो. तिकीट काढायला सांगितलंय. तिला आमचं घर आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

राग मानू नकोस. मानलास तरी चालेल.

तुझा मामा,
जनार्दन

*

ठियोग
१२ ऑक्टोबर २०२२

ती. स्व. मामांना,
कोमलचा शिरसाष्टांग नमस्कार.

माझी शाळा गुजरातीत झाली, मराठी लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. इथे सगळे मजामां, म्हणजे मजेत, एवढं लिहून थांबले असते. पण तुम्ही ‘ठीक’सुद्धा मानत नाही, म्हणून सगळं लिहिते.

मामा, छुंदा ठीक झाला नाही. इथे सप्टेंबरमध्ये ऊन बारापर्यंत, मग धुकं पायरीवर येऊन बसतं. पाचव्या दिवशी मलमल पुरीसारखी फुगली. आत फस फस आवाज, आणि वास असा की हे ऑफिसातून आले ते दारातच थांबून विचारायला लागले, कोण पिऊन आलंय. आईंनी पातेलं स्वतः उचलून मागच्या खड्ड्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या गांधीलमाश्या सरळ उडत नव्हत्या.

आई म्हणाल्या, माझंच माप चुकलं. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मी नाही अडवलं, मामा. मला तर तिसऱ्या दिवशीच दिसत होतं. आमच्या गच्चीवर दरवर्षी छुंदा व्हायचा. तो मेच्या उन्हात होतो आणि आंबट कैरीचा होतो. पण सासूबाईंनी पहिल्यांदा हौसेनं काही हातात घेतलं, त्यात मी कसं बोलू? म्हणून गप्प बसले. नंतरही काय बोलावं ते सुचलं नाही. तेवढी चूक माझी, ती कबूल.

तुमचं पत्र वाचून हे ताटावरून उठले. मग मी ते आईंना दाखवलं आणि मोठ्यानं विचारलं, तुम्ही मामांना असं का लिहिलंत. त्यांनी पोथीतून तुमचं ते कृतीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. तेव्हा मला कळलं की माप तुमचं होतं. त्या म्हणाल्या, “त्याच्या सांगण्यात चूक निघाली हे त्याला कळलं, तर तो दुकानात मान वर करून बसणार नाही. त्यापेक्षा माझं चुकलेलं बरं.”

आता त्यांनी पेटी काढून साड्या भरायला घेतल्यात. म्हणतात, माझ्यामुळे मामा-भाच्यांत वाकडं नको, दिवाळीला जाते. माझं ऐकत नाहीत. अर्धी सफरचंदं अजून फळांच्या पेट्यांत आहेत. तुमचं ऐकतील. लिहा ना मामा, लवकर.

मामींना नमस्कार. माझ्यावर रागावलात तेवढीच मायाही असू द्या.

आपली,
कोमल

*

बडोदे
१७ ऑक्टोबर २०२२

ती. स्व. नलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

कोमलचं पत्र कालच आलं. तिला वेगळं लिहून माफी मागितली आहे, दिग्विजयलाही.

ताई, मी जन्मात सफरचंदाचा छुंदा केला नव्हता. तू विचारलंस आणि मला नाही म्हणता आलं नाही, एवढीच त्यातली खरी गोष्ट. कोमलच्या पत्रातलं तुझं वाक्य मी दुकानात बसून वाचलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं, उद्या या. तुझं ‘ठीक’ मी बरोबर ऐकलं, पण ते कुणाला वाचवायला लिहिलं होतंस ते ऐकायला माझे कान पुरले नाहीत.

मी तिकीट रद्द केलंय. तुला यावंसं वाटलं तर ये, घर तुझंच आहे. पण माझ्या पत्रामुळं येऊ नकोस. माझ्या हातून तुझं सफरचंद बिघडलं. तुझं घरही बिघडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

आता कृती मी सांगणार नाही. फळ तुमच्या गावचं, तुम्ही दोघी ठरवा. फक्त मला खात्रीनं येतं तेवढं सांगतो. पाक विस्तवावरच कर. उकळीचा आवाज आधी पातळ असतो, मग एकदम जड होतो, ओली रेती घोळल्यासारखा. तो झाला की त्याच क्षणी गॅस बंद. हे तुला ऐकू येणार नाही, ताई. तेव्हा कोमलला शेजारी उभी कर आणि ती सांगेल ते ऐक.

चुकलेल्या भावावर लोभ असतोच, हे मला कालच कळलं.

तुझा,
जनार्दन

*

ठियोग
२७ ऑक्टोबर २०२२
भाऊबीज होऊन गेली

चि. जनार्दन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. काल तुझ्या नावानं चंद्राला ओवाळलं.

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळालं. त्याच दुपारी आम्ही दोघी उरलेल्या बारा किलोंना बसलो. फोडी करून लिंबाच्या पाण्यात टाकल्या, काट्यानं टोचल्या. सालं आणि गाभे कोमलनं फेकू दिले नाहीत. उकळून, फडक्यातून गाळून, साखर घालून तिनं लालसर जेली केली, बोट लावलं की थरथरते. थोडा कीस तुपावर परतून खव्यात घातला आणि करंज्यांत भरला. दिग्विजयनं सात खाल्ल्या, मग मोजणं सोडलं. बासुंदी मात्र फाटली. मी गरम दुधातच फोडी टाकल्या होत्या.

मुरंब्याचा पाक चढवला तेव्हा कोमल शेजारी उभी होती. आवाज जड झाल्यावर ती म्हणाली, बंद करा. मला ऐकू आलं नाही. ती पुन्हा म्हणाली. मी आपली वेलची कुटतेय. तेव्हा जनू, ती अशी कडाडली की शेजारच्या क्वार्टरमधली बाई दारात आली. किती वेळा सांगायचं आई, लक्ष कुठंय तुमचं, सगळा पाक वाया जाईल. आणि माझ्या हाताखालून हात घालून तिनं गॅस बंद केला.

मग तिचं तिलाच उमगलं आणि चेहरा उतरला. मी वेलची पाकात टाकली. या घरात आल्यापासून मला कुणी रागावलं नव्हतं.

मुरंबा चांगला झालाय. छान म्हणत नाही, नाहीतर तू त्याचाही अर्थ लावशील. मी इथंच राहते. कौशल्याला सांग, एक बरणी तिच्यासाठी भरून ठेवली आहे, ती न्यायला तुम्ही दोघांनी यावं.

पाकाचं पातेलं घासायचं राहिलं होतं. मी घ्यायला गेले. कोमलनं बघितलं, आणि घासू दिलं.

ताई