झेंडा अजून वर आहे

प्रिय ह्यूबर्ट,

हे पत्र घेऊन आलेल्या कोळ्याला आधी पोटभर खायला घाल, मग त्याला शंभर प्रश्न विचार. तुझं नेहमी उलटं असतं.

रुपर्टला ताप आहे, एवढंच इथे सगळ्यांना माहीत आहे. वरच्या खोलीच्या खिडक्या बंद आहेत. बोटीने आलेला बर्फ सगळा तिकडेच जातो. आमचा बटलर सायलस सूप वर नेतो आणि रिकामा वाडगा खाली आणतो. रुपर्टच्या हाताखालचा कर्नल पेल सकाळ-संध्याकाळ चौकशीला येतो. काल म्हणाला, बाईसाहेब, दोन मिनिटं भेटू द्या, गव्हर्नरसाहेबांची सही तेवढी हवी. मी म्हटलं, झोपलेत. तो किती तरी वेळ जिन्याकडे बघत बसला.

सही कसली, ते सांगते. दंगलीत ऊस पेटवला म्हणून मजुरांना किल्ल्यात डांबलंय आणि पेलला त्यांना फासावर चढवायचंय.

तू माझा भाऊ, पण रुपर्टला, माझ्या नवऱ्याला, कधी धड मानलं नाहीस. उमरावाचं धाकटं पोर, इस्टेट थोरल्याला गेली म्हणून याला फौजेत ढकललं, असं तू आमच्या लग्नात सगळ्यांदेखत म्हणालास. लढाईत दोन बोटं गमावल्यावर त्याला या बेटाची गव्हर्नरी मिळाली, तर वर तूच साहेब. गर्विष्ठ होता तो, मला का ठाऊक नाही? पण दंगलीनंतर तो एकटा मजुरांच्या झोपड्यांत गेला, तिथली पोरं बघून आला आणि दिवसभर जेवला नाही. त्या संध्याकाळी पेल जेवायला होता. शेवटी पोर्ट वाइन आली, तशा आम्ही बायका रिवाजाप्रमाणे उठून बाहेर गेलो. मागे राहिलेल्या त्या दोघांत ठरलं, सगळ्यांना माफी. वर आल्यावर मी म्हटलं, आत्ताच लिहून टाक. तर हसला. म्हणाला, पेलने शब्द दिलाय कॉनी, आपल्यातला माणूस आहे, कागदाचं सकाळी बघू. आता पेल म्हणतो, असं काही बोलणं झालंच नाही. मला त्याचा इतका संताप येतो, आणि रुपर्टचाही.

ती सकाळ रुपर्टने पाहिली नाही. तो झोपेतच गेला, ह्यूबर्ट. सूप सायलस जिन्यात बसून संपवतो. त्याचा भाऊ किल्ल्यात आहे, घास उतरत नाही, तरी संपवतो. छपरावरचा झेंडा आम्ही खाली घेतलेला नाही. तो अर्ध्यावर आला की पेल गव्हर्नर, मग त्याला कुणाची सही लागणार नाही. सगळ्या बेटांचा मोठा गव्हर्नर तू आहेस. माफीचा कागद सही करूनच निघ, आणि लवकर ये, बर्फ संपत आलाय. धक्क्यावर पेल माझ्या शेजारी उभा असेल. दंडाला काळी फीत बांधू नकोस. मला जवळ घेऊ नकोस, मी तिथेच कोसळेन. तो कागद त्याच्या हातात पडेपर्यंत फक्त विचार, रुपर्ट कसा आहे. मी सांगेन, बरा आहे.

तुझीच,
कॉनी