मार्कंड्याच्या जत्रेतला इंग्रजी सिनेमा

बाबा, तुमचा सिनेमा सापडला. खरंच होता तो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कुणी न पटणारं काही सांगितलं की आई अजून म्हणते, "हे बी मार्कंड्याच्या इंग्रजी सिनेमासारखंच हाय." म्हणून आधी तुम्हालाच कळवावंसं वाटलं.

तुमच्या लग्नाआधीची गोष्ट. तुम्ही चामोर्शीहून सायकलवर मार्कंड्याच्या जत्रेला गेलात. तंबूच्या टॉकीजमध्ये देवादिकांचा सिनेमा लागणार होता, पण कुठेतरी रिळांच्या पेट्यांची अदलाबदल झाली आणि पडद्यावर हॅट घातलेली गोरी माणसं भराभरा बोलायला लागली. लोक ओरडले, "देव कुठी हाय? देव दाखवा!" मालक म्हणाला, येते, शेवटी येते. हळूहळू तंबू रिकामा झाला. तुम्ही एकटक बघत बसून राहिलात. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण गोष्ट कळत होती, निदान तुमचं तसं म्हणणं होतं. एक भुरटा चोर रेल्वेत झोपलेल्या न्यायाधीशाची पेटी आणि कोट उचलतो. पुढच्या गावात उतरतो तर स्टेशनवर नव्या न्यायाधीशाच्या स्वागताला बँड उभा. पळायला वाट नाही, म्हणून तो न्यायाधीश होऊन बसतो. लोकांना त्याचा न्याय आवडायलाही लागतो. आणि मग एक दिवस त्याच्यासमोर आरोपी म्हणून उभी राहते ती त्याचीच जोडीदारीण, जिच्याबरोबर त्याने गावोगाव केस उगवायचं खोटं तेल विकलं होतं. ती त्याला ओळखते, पण ओळख दाखवत नाही. तो निकालाचा हातोडा उचलतो, आणि नेमकं तिथे मालकाने मशीन बंद केलं. चार डोक्यांसाठी शेवटचं रीळ कोण चालवतो, म्हणाला.

पुढे तुम्ही एसटीत कंडक्टर झालात आणि तुम्हाला जागेवरून न उठणारे श्रोते मिळाले. चामोर्शी सुटली की तिकिटं फाडून व्हायची, तुम्ही इंजिनाजवळच्या दांड्याला टेकायचात आणि चोर रेल्वेत चढायचा. तुमच्या सांगण्यात तो बल्लारशाला चढायचा. न्यायाधीश गडचिरोलीच्या कोर्टाचा व्हायचा. शेवट तुम्ही पाहिलेला नव्हता, त्यामुळे गाडीत जसे लोक, तसा निकाल. बाजाराला निघालेल्या बाया असल्या की ती बाई निर्दोष सुटायची. एखादा पोलीस बसलेला असला की सक्तमजुरी. आणि ज्या दिवशी सकाळी आईशी वाजलेलं असायचं, त्या दिवशी तिला सरळ फाशी व्हायची.

त्यातूनच ते मेमोचं प्रकरण झालं. आष्टीला उतरायचं असलेला एक माणूस गोष्ट ऐकत ऐकत पार पुढे आलापल्लीला पोचला आणि त्याने तक्रार केली. डेपोच्या साहेबांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही घरी येऊन जेवता जेवता सांगता आहात, आई ताटात भात वाढते आहे, आणि तुम्हाला हसू आवरत नाही. साहेब म्हणाले, असं काय सांगत होता तुम्ही, की माणसाला त्याचं गाव दिसलं नाही? तुम्ही सांगायला लागलात. साहेबांनी चहा मागवला. तुम्हाला खुर्ची दिली. हातोडा वर गेला तेव्हा साहेब टेबलावर पुढे झुकले होते. "मंग? काय निकाल देल्लन?" तुम्ही आयुष्यात त्या एकाच वेळी खरं बोललात. "शेवट नाई पाह्यला, साहेब." साहेबांचा चेहरा उतरला, आणि मेमो मिळाला तो तेव्हा. आई म्हणाली, "सांगा लोकाइले थापा. नोकरी गेल्यावर थापाच शिजवीन मी."

आता सापडला कसा ते सांगते. परवाच्या उन्हाळ्यात शाळेच्या पायरीवर माझा पाय मुरगळला आणि मी चंद्रपूरच्या घरी पाय उशीवर ठेवून फोन चाळत पडले होते. जुन्या सिनेमांच्या ढिगात एक चित्र हललं. न्यायाधीशाचा काळा झगा त्या माणसाला लांब होतो, पायरी चढताना पायात येतो, आणि पडता पडता तो असं दाखवतो की आपण मुद्दाम वाकून पायरी तपासत होतो. बाबा, आईची काळी शाल पांघरून तुम्ही आमच्यासमोर हेच करायचात, पायरीला बोटाने टकटक करून मान हलवण्यापर्यंत. मी उठून बसले, पाय दुखतो हेही विसरले. तिकडच्या लोकांनाही हा सिनेमा फारसा माहीत नाही. खाली कुणीतरी लिहिलं होतं की इतका चांगला सिनेमा कुणी कसा पाहत नाही. मनात म्हटलं, आमच्या आलापल्लीच्या गाडीत उभ्याने ऐकायचे लोक.

माझ्या मुलीने तो टीव्हीवर लावून दिला आणि मी आईला समोर बसवलं. ती लाखोळीची डाळ निवडायला घेऊन बसली, म्हणजे वेळ अगदीच वाया जायला नको. खाली इंग्रजीत संवाद येत होते, मी वाचून सांगत होते. रेल्वे आली. कोट चोरीला गेला. बँड वाजला. आईचा हात डाळीतच थांबला. "अवं, हाय की वं हे!" मग जरा वेळाने, हळू आवाजात, "म्हंजे खरं बोलत होता हा माणूस."

सगळंच काही खरं नव्हतं, बाबा. तुम्ही सांगायचात तो दुष्ट मामा, जो त्या बिचारीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला बघतो, तो मामा नाहीच. तो गावातला सलूनवाला आहे. तिचं तेल लावून गिऱ्हाइकं टकली झाली, त्याचं दुकान बसलं, म्हणून खटला त्यानेच भरला आहे. आणि ज्या ठिकाणी ती रडत रडत "मले सोडून जाऊ नको" म्हणते असं सांगताना तुम्ही खिशातून रुमाल काढायचात, तिथे ती कांदा चिरते आहे आणि सुरीला धार नाही म्हणते आहे.

मग तो खोटा न्यायाधीश जिच्याकडे राहायला येतो ती घरमालकीण आली. तुमच्या गोष्टीत सगळ्यात मोठं काम तिचंच. पदराला किल्ल्यांचा झुबका, "आता काई उरलं नाई" म्हणत ताटात आणखी वाढणार, दारात आलेल्याला आधी खाऊ घालणार आणि तो गेला की कुरकुरणार, आणि न्यायाधीश खोटं बोलला की तोंडाने काही न बोलता भांडी जोरात आपटणार. गाडीतल्या बाया तिच्यासाठी आष्टीपर्यंत हसायच्या. तर सिनेमात ती बाई दार उघडते, बाजूला होते, आणि संपली. पुन्हा दिसतच नाही. एक शब्दही नाही तिच्या तोंडी.

आई वाट पाहत होती. "आता भांडे आपटन ती."

"आई, ती एवढीच आहे."

"येवढीच? मंग ते किल्ल्या, ते जेवण, ते सारं?"

आईने डाळीचं ताट बाजूला ठेवलं. स्वतःच्या पदराच्या किल्ल्या चाचपल्या.

"म्हंजे साऱ्या मोटारीले माह्यंच सांगत होता काय हा माणूस?" ती एवढ्या जोरात म्हणाली की आतून मुलगी धावत आली. "जातायेता लोकं माह्याकडं पाहून हासत, मले वाटे काऊन हासून राह्यले!" चिडली होती खरी. पण जरा वेळाने म्हणाली, "मांगं घे वं. ते दार उघडते ते दाखव." ती गोरी बाई दार उघडते, बाजूला होते. आईने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग म्हणाली, "हिच्यापेक्षा मी बरी दिसत होती."

आता शेवट. तुमच्या सगळ्या निकालांपैकी एकही बरोबर नाही. तो हातोडा खाली ठेवतो. झगा काढून घडी करून खुर्चीवर ठेवतो, पायऱ्या उतरून येतो आणि तिच्याशेजारी, आरोपीच्या जागी, जाऊन उभा राहतो. कोर्टात कुणी हलत नाही. ती त्याच्याकडे न बघता थोडी सरकते, जागा करून देते. मग दोघं रेल्वेत बसलेली दिसतात, दोन्ही बाजूंना पोलीस, आणि दोघं पोट धरून हसत आहेत.

आईने डोळे पुसले. "कुठी नेऊन राह्यले वं त्याहिले?"

"लग्न लावायला," मी म्हटलं.

"पोलीस घेऊन?"

"तिकडे मुलीकडचे लोक तसेच असतात."

आईचं समाधान झालं. तिने ताट पुन्हा मांडीवर ओढलं आणि म्हणाली, बरं झालं, एकमेकाइले धरून राहतीन. पडद्यावर खाली, त्यांना नेत होते त्या तुरुंगाचं नाव स्वच्छ लिहिलं होतं, बाबा. मी पोरांना इंग्रजी शिकवते, मला ते वाचता आलं. म्हणून हे पत्र आईला वाचून दाखवता येणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. ते माझ्याच कपाटात राहील. थाप मारताना मला जराही जड गेलं नाही, उलट मजा आली.