मुंग्यांचा लेख आणि मेंढ्यांचा अहवाल

ती. आत्यास वाकून नमस्कार (फोनवर वाकलेलं दिसत नाही, म्हणून पत्र). तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस ना, की बाटली नुसतीच कपाटात शोभेला? आतोबांना नमस्कार सांग. इकडे सगळे ठीक. मी मात्र दोन महिने दातओठ खातोय. का, ते सविस्तर कळवतो. चहा घेऊन बैस.

माझा मुंग्यांवरचा लेख तुला ठाऊक आहेच. तीन वर्षं घासली त्याच्यापायी, आणि माझी बढतीही त्याच्यावरच अडलेली. तो दोन महिन्यांपूर्वी छापून आला आणि बघतो तर पहिलं नाव आमच्या विभागप्रमुखांचं! माझं दुसरं, तेही आद्याक्षर चुकवून. या गृहस्थांनी मुंगी पाहिली असेल तर फक्त साखरेच्या डब्यात. पण आमच्याकडे रीतच तशी. लेख कुणाचाही असो, पाठवायचा साहेबांच्या संगणकावरून, आणि त्या वाटेनं जाताना त्याला साहेबांचं नाव चिकटतं. गेल्या वर्षी त्यांचे एकतीस लेख आले. अगं, एवढे तर माणूस वाचतसुद्धा नाही! परीक्षकांची नावंही तेच सुचवतात: एक जावई, एक व्याही. व्याह्यांचा विषय धातुशास्त्र. त्यांनी 'भाषा सुबोध' एवढाच शेरा मारून माझा लेख दुसऱ्या दिवशी परत धाडला.

मी रीतसर तक्रार केली. चौकशी समिती नेमली गेली, आणि अध्यक्ष कोण? साहेबच! (संशोधनातल्या सचोटीवर दरवर्षी व्याख्यान तेच देतात, म्हणून म्हणे.) बारा पानी अहवाल आला. साहेब निर्दोष, हे आलंच. पण सातव्या पानावर म्हटलंय की प्रयोगातल्या मेंढ्यांना वेळेवर चारापाणी मिळालं आणि लोकर कापताना कुणालाही इजा झाली नाही. मेंढ्या, आत्या! दुसऱ्याच कुठल्या तरी संस्थेचा अहवाल उचलून वर आमच्या विभागाचं नाव डकवलं. म्हणजे उचलेगिरीची चौकशीसुद्धा उचललेली! मी ते पान कार्यालयातल्या बाईंना दाखवलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "शुद्धिपत्रक काढू. मेंढ्या वाचताना मुंग्या समजावं." कपाळ माझं!

मग मी थेट नियतकालिकाच्या संपादिकाबाईंना लिहिलं आणि चांगलं झणझणीत लिहिलं: काम ज्याचं त्याचंच नाव हवं; दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव घालणाऱ्याला मी सरळ चोर म्हणतो. बाई खमक्या निघाल्या, त्यांनी नव्यानं चौकशी लावली आहे. साहेबांचं तोंड एवढंसं झालंय. काल त्यांनी उठून मला खुर्ची दिली. आता मी काही मागे हटत नाही.

तुझा लाडका भाचा

ता.क. संपादिकाबाईंनी मोजणीच्या मूळ वह्या मागितल्या आहेत. अकराच्या अकरा तुझ्याकडेच आहेत, तेवढ्या लगेच पाठव.

ता.क. २. बाई तुला फोनही करतील. अक्षर तुझं कसं, असं विचारलं तर भाचा सांगायचा आणि मी उतरवून घ्यायचे, असं सांग. दोन वर्षं रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून तू मोजत होतीस आणि मी महिन्यातून एकदा वही बघायला येत होतो, हे पाल्हाळ लावू नकोस. तुझं नाव घालणारच होतो गं, शप्पथ. पण नावापुढे संस्था लिहावी लागते, आणि तू काय, घरीच असतेस.