सखुबाईंचा नमस्कार

नौपाडा, ठाणे
१३ जानेवारी २०२५

ती. स्व. देवरामकाकांस,
सा. न. वि. वि.

कालचा दुसरा रविवार नेमाप्रमाणे पार पडला. कल्याण आगारातून सहाची मुरबाड गाडी पकडली, मुरबाडला देहरीची गाडी लगेच मिळाली. कंडक्टर तेच, दात पडलेले. तुम्ही दिसला नाहीत म्हणून त्यांनी चौकशी केली. गुडघ्याचं सांगितल्यावर म्हणाले की एसटीत बसून बसून आमचेही गेले, काकांचे निदान डोंगर चढून गेले.

गोरखगड आता एकटीने चढायची सवय होते आहे. रानातली वाट कोरडी होती, पाचोळ्यावरून पाय सरकत होते. कोरलेल्या पायऱ्यांपाशी तुमचा नियम पाळला: खाली बघायचं नाही आणि वर किती राहिलं हे विचारायचं नाही. अकराच्या सुमारास गुहेत पोचले. समोरच्या दोन्ही चाफ्यांवर एक पान नाही. डबा तिथेच खाल्ला.

उतरल्यावर थांब्यासमोरच्या घरी सखुबाईंकडे चहा झाला. भाकरीचा आग्रह तोच, आणि ताटाकडे बघत बसायची खोडही तीच. सखुबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

येताना उशीर झाला म्हणून तुमच्याकडे डोकावले नाही. क्षमा असावी.

माया आहे तशीच असू द्यावी.
तुमची,
योगिनी

—

कल्याण
१९ जानेवारी

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी हाती आलं. ठाण्याहून कल्याणला चार दिवस! तू चालत निघाली असतीस तरी टपालाआधी पोचली असतीस. पण तक्रार नाही. पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना जुना नकाशा काढून जमिनीवर पसरला. पसरताना काही वाटलं नाही, उठताना खाटेचा पाय धरावा लागला.

कानाचं यंत्र बदललं, पण फोनवर अजून नुसती घरघर ऐकू येते. प्रीतम पुण्याहून दर बुधवारी बापाशी बोलतो. मी अंदाजाने हो हो म्हणतो. गेल्या बुधवारी कशाला हो म्हणालो कोण जाणे, त्याने दोन दिवसांत उशी पाठवली. तेव्हा माझ्याशी बोलायचं तर कागदावर, हे तुझ्याखेरीज कुणाला कळलेलं नाही.

एक काम सांगतो. सखुबाई माझ्याच वयाची. तिचेही गुडघे धरायचे, पण ती कसलंसं तेल चोळून माळावर जायची. कुठलं तेल ते विचारून ये. आणि भाकरीला नाही म्हणू नकोस. ती रागावते, पण तोंडाने बोलत नाही, भांडी आपटते.

एकटी चढतेस याचा मला अभिमान वाटतो. काळजीही वाटते, पण ती लिहून काय उपयोग.

तुझा,
देवरामकाका

—

नौपाडा
१० फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आले. ऊन आता टोचायला लागलं आहे. वर दुसरं कुणी नव्हतं. गुहेच्या तोंडाशी तासभर बसले, मच्छिंद्रचा सुळका समोर होता, आणि पायथ्याच्या गाडीचा भोंगा वरपर्यंत ऐकू आला.

तुमचं काम केलं. सखुबाई म्हणाल्या, करंजाचं तेल, कोमट करून, आंघोळीच्या आधी. त्यांनी हेही विचारलं की काका येत नाहीत ते रागावलेत का. मी नाही म्हणाले.

त्यांचा तुम्हाला नमस्कार. दवाखान्यात सध्या तापाचे रुग्ण फार, दिवसभर लोकांची नावं पुकारून घसा बसला आहे. म्हणून इतकंच.

आठवण ठेवावी.
योगिनी

—

कल्याण
२१ फेब्रुवारी

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

काल सखुबाईचा मुलगा सखाराम घरी येऊन गेला. बाजारात वाल घेऊन आला होता, त्यातले शेरभर मला द्यायला म्हणून जिना चढून आला. त्याने पाटीवर लिहून सांगितलं. सखुबाई मार्गशीर्षात वारली. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

मार्गशीर्ष म्हणजे डिसेंबर. तू मला जानेवारीत तिचा नमस्कार पाठवलास, फेब्रुवारीतही पाठवलास. मी रागावलो का, असं तिने तुला विचारलं म्हणतेस. त्या एका वाक्यावर मी दोन रात्री झोपलो नाही, की आपण तिला निरोप न देता जायचं थांबवलं, हे वाईट झालं.

करंजाचं तेल आठवडाभर चोळतो आहे. गुडघ्याला बरं वाटतं. हे जास्त वाईट.

मी मोजणीखात्यात चाळीस वर्षं काढली. कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, असं काही माझ्यापुढे आलं की मी एकच प्रश्न विचारत असे. तोच तुला विचारतो. तू जागेवर गेली होतीस का?

देवराम

—

नौपाडा
२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ती. स्व. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र काल संध्याकाळी आलं. आज दवाखाना बंद आहे. सकाळपासून हा चौथा कागद. आधीच्या तिन्हींत मी स्वतःला फार चांगलं समजावून सांगितलं होतं, म्हणून ते फाडले.

नाही. गेले नव्हते.

नोव्हेंबरात गेले होते, ते खरं. तुमचा गुडघा ऑक्टोबरात गेला, त्यानंतरचा तो पहिला रविवार. देहरीला उतरले, सखुबाईंकडे चहा घेतला. त्यांनी तुमची खरोखर चौकशी केली आणि नमस्कार सांगितला. मग मी रानात शिरले. वीसेक मिनिटांनी एका मोठ्या दगडापाशी वाट दोन बाजूंना फुटते. तिथे मी थांबले आणि मला कळलं की कुठल्या बाजूने जायचं ते मला माहीत नाही. वीस वर्षं, दर दुसरा रविवार, शंभरावर डोंगर, आणि मला एकही वाट येत नाही. मी तुमच्या टाचा बघत चालत आले. तुम्ही वळलात की मी वळले. पुढे टाचा नाहीत म्हटल्यावर मला नुसती झाडं दिसायला लागली.

हाक मारून बघितली. उगाच, कुणाला म्हणून नाही. मग परत फिरले. सखुबाईंनी विचारलं असतं की इतक्यात कशी आलीस, म्हणून त्यांच्या दाराकडे न बघता गाडीत जाऊन बसले. तुम्हाला मात्र पत्रात गुहेपर्यंत पोचल्याचं लिहिलं. पाचोळा, पायऱ्या, चाफे, हे सगळं माझ्या जुन्या डायऱ्यांतलं आहे. जानेवारीचं पत्र २०१६च्या जानेवारीवरून उतरवलं.

डिसेंबरपासून मी उतरलेच नाही. दुसरा रविवार आला की पहाटे उठते, डबा करते, बूट घालते, देहरीपर्यंत जाते. गाडी तिथे वीस मिनिटं थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पिऊन येतात आणि मी त्याच गाडीने परत. डबा मुरबाडच्या स्टँडवर खाते. कंडक्टर पहिल्यांदा म्हणाले की ताई, उतरायचं विसरलात. आता म्हणत नाहीत. कल्याणला दोनच्या आत पोचते, त्यामुळे उशीर झाला हेही खोटं. तुमच्याकडे येत नव्हते, कारण तुम्ही दार उघडताच आधी माझे बूट बघितले असते.

सखुबाईंचं दार डिसेंबरात बंद होतं, जानेवारीतही. गाडीच्या काचेतून दिसतं ते. बंद दार बघून मला बरं वाटलं. शेतावर गेल्या असतील, आपल्याला बघणार नाहीत, एवढंच मनात आलं. काका, हे मी तुम्हालाच सांगू शकते आणि तुम्हालाच सांगायची लाज वाटते.

नोव्हेंबरातला एक खरा नमस्कार मी तीन महिने पुरवला. पत्राच्या शेवटी नमस्कार असतो म्हणून लिहीत गेले. हात सवयीने लिहितो, त्याला माणूस आहे की नाही हे विचारायचं राहून जातं. पण तेलाचं सवयीने झालं नाही. ते नाव मी नाक्यावरच्या आयुर्वेदिक दुकानातल्या बाटलीवरून घेतलं. रागावलेत का, हा प्रश्न सखुबाईंचा नव्हता, तो माझाच होता. तुम्ही येत नाही म्हणून मलाच तसं वाटायचं. गुडघा कुणी रागाने मोडून घेत नाही हे कळतं, तरी वाटायचं.

माझ्या डायरीत मी खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येक दुसऱ्या रविवारी एकच ओळ आहे: गाडीतून उतरले नाही. आधी याचं मला थोडं समाधान होतं. आता वाटतं, जिथे कुणी वाचत नाही तिथे खरं लिहिण्यात काय मोठेपणा. आणि पत्रं तुमच्यासाठी लिहीत होते, तुमचा वेळ जावा म्हणून, असंही मी स्वतःला सांगत आले. तेही पुरतं खरं नाही. दिवसभर शंभर माणसांची नावं पुकारते. चार दिवसांनी कुणीतरी चि. योगिनीस म्हणून लिहितं, त्याची मला गरज होती. न चढता ते पत्र येईल का, याची खात्री नव्हती.

आता यापुढे आलं नाही, तर ते योग्यच होईल.

योगिनी

—

कल्याण
३ मार्च

चि. योगिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. रविवारी उत्तर लिहिलं नाही, कारण रागात होतो. आज सोमवार.

सखारामने त्या दिवशी पाटीवर आणखी एक गोष्ट लिहिली होती. तुमची ती ताई गाडीतून उतरतच नाही, खिडकीशी बसून असते, त्याच्या बायकोने शेवंतीने दोनदा हात केला तरी हिचं लक्ष नाही. हे मी मागच्या पत्रात मुद्दाम गाळलं. तू आपण होऊन लिहितेस का ते बघायचं होतं. परीक्षा घेतली म्हण हवं तर. लिहिलंस, ते बरं झालं.

वाट माहीत नाही याला अर्धा दोष माझा. वीस वर्षांत एकदाही तुला पुढे घातलं नाही. पुढे चालायची हौस मला होती आणि तू कधी हट्ट केला नाहीस. ते बरं होतं म्हणून मी विचारलं नाही.

सखुबाईच्या बाबतीत मात्र मी तुला माफ करायचा अधिकार घेत नाही. तिच्या घरी जाऊन बसायला हवं. शेवंतीला सांगायला हवं की काचेमागे होते.

आणि आता मला जे लागलं ते सांगतो. दर दुसऱ्या रविवारी पहाटे मी गॅलरीत येऊन आगाराच्या बाजूला तोंड करून उभा राहतो. तुझी गाडी सुटली असेल म्हणून. मग दिवसभर घड्याळ बघत तुझ्याबरोबर चढतो. आता रान, आता पायऱ्या, अकराला गुहा. तू चढतेस म्हणून मी डबाही अकरालाच उघडतो, गार असला तरी. आणि तू इथून सहा मिनिटांच्या वाटेवर गाडीत बसत होतीस, शेजारची जागा रिकामी ठेवून. देहरीपर्यंत बसून जायचं आणि बसून यायचं, एवढंच करायचं होतं तर मला का नाही सांगितलंस? अगं, डॉक्टरांनी मला चढायची बंदी केली आहे, बसायची नाही. ते मला अजून उत्तम येतं. हे तीन रविवार आपण दोघांनी दोन ठिकाणी बसून घालवले.

नऊ तारखेला दुसरा रविवार आहे. पावणेसहाला आगारात, मुरबाडच्या फलाटावर असेन. प्रीतमला कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस. भाकरी-पिठलं मी डबेवाल्या बाईंना सांगून ठेवतो. देहरीला गाडी थांबली की तू आधी उतर आणि मला हात दे, त्या पायरीची उंची मला आता झेपत नाही. आधी सखारामकडे जाऊ. मग त्या दगडाकडे जमेल तितकं. नाही जमलं तर नाही.

तिकिटं मी काढतो. पंच्याहत्तरीपुढे मला शून्याचं तिकीट, बाईमाणूस म्हणून तुला अर्धं. एसटीच्या लेखी आपण दोघं मिळून अर्धा माणूस. तेवढ्याला जागा मिळेल.

वाट पाहतो.
तुझा,
देवरामकाका