आटलेलं कापड

४ जून
नवं गाव, नवं दुकान. खिडकीतून असा उजेड येतो की सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही. शिवणकाम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. चिंध्यांवर चुकत चुकत शिकलो. आता इथल्या शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. पहिला गणवेश आमच्या चिमणीचा. पाच वर्षांची पोर, आरशासमोर भिंगरीसारखी फिरली. शिवण अशी की भिंग लावून बघा.

२० जुलै
चिमणीच्या बाह्या आखूड झाल्या. माझं माप चुकत नाही, कापडच आटलं. कापडवाल्याला चार शब्द सुनावले. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. त्याच ताग्यातलं बाकीच्या पोरांचं बरं आटलं नाही?

११ ऑगस्ट
दुसरा गणवेश मुद्दाम सैल शिवला. तोही घट्ट. पोरीच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो. कपाळावर पुटकुळ्या. शाळेतल्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, बाई, तुम्ही पाढे शिकवा, मापाचं मी बघतो. आमच्याकडे सगळेच उंच.

२ सप्टेंबर
कापड बेतत होतो. मागून घोगऱ्या आवाजात कुणीतरी ‘बाबा’ म्हणालं. कुणा गिऱ्हाइकाचा थोराड पोरगा असेल म्हणून वळलो. चिमणी. वरच्या ओठावर काळी लव. मी दचकलो ते तिनं पाहिलं. तेव्हापासून ती कुजबुजूनच बोलते.

८ सप्टेंबर
तपासण्या झाल्या. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे. तीच या एवढ्याशा जिवाला मोठ्या माणसाचं अंग देतेय. हाडं अकरा वर्षांच्या मुलीची झालीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी का नाही आलात? बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पोरीच्या आखूड बाह्या खाली ओढल्या. बोलली असती तर—

१३ सप्टेंबर
गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय. काढायचीच. नाही काढली तर—
चिमणीनं कुजबुजत विचारलं, कापायच्या आधी खडूनं खूण करतात का? म्हटलं, करतात. मग विचारलं, आणि चुकलं तर?


१४ सप्टेंबर
आत नेलं. बायको समोरच्या बाकावर बसलीय. शेजारी नाही.
नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन पळत गेली. मागून दुसरी. विचारलं तर थांबत नाहीत—
दार. डॉक्टरीणबाई. तोंडावरची पट्टी काढतायत. माझ्याकडे नाही, हिच्याकडे बघतायत— ही उठली— ही—