सतरा क्रमांकाची खुंटी

ब्रॅकनले,
बुधवार, १२ जून २०२४

आदरणीय हॅस्लम बाई,

सविनय नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, अशी आशा आहे. शनिवारी शाळेला नव्वद वर्षे पूर्ण होत आहेत. समारंभात तुमची खुर्ची पहिल्या रांगेत, दाराजवळ ठेवली आहे, म्हणजे पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. इथे पावसाची भुरभुर चालू आहे आणि मैदानावर मंडप घालावा की नाही, यावर मुख्याध्यापिका आणि शिपाई यांचे एकमत होत नाही.

शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम कार्यालय प्रमुख या नात्याने माझ्याकडे आले आहे. वाणिज्य पदवीधराने इतिहास लिहावा याचे तुम्हाला हसू येईल. पण निदान तारखा बिनचूक असतील. १९३४ साली अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन निवडलेल्या मुलांची शाळा निघाली. त्या परीक्षेत न निवडलेल्यांची शाळा रस्त्यापलीकडे होती. १९७१ मध्ये दोन्ही एक झाल्या, मधली भिंत पाडली, खेळ-स्पर्धांसाठी मुलांची चार कुले पाडून त्यांचे चार रंग ठरले. मात्र मुलांची विभागणी राहिलीच. वरच्या तुकड्या वरच्या मजल्यावर, खालच्या तळमजल्यावर. वरच्या तुकडीत बाके तीस आणि कोट अडकवायच्या खुंट्याही तीस. म्हणून नाताळच्या परीक्षेनंतर एक वर गेला की एकाला खाली यावेच लागे.

या प्रकरणात मी एक वाक्य लिहिले होते: 'ही बढती केवळ गुणांवर होत असे.' पुस्तिका शुक्रवारी छापायला जाते. त्यापूर्वी हे वाक्य मला बदलावे लागणार आहे, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय ते बदलता येत नाही.

डिसेंबर १९७९ चा गुणतक्ता मला गेल्या आठवड्यात सापडला. वरच्या तुकडीतला शेवटचा विद्यार्थी रसेल हॅस्लम, गुण एकसष्ट. खालच्या तुकडीतला पहिला क्लाइव्ह ऑर्मरॉड, गुण एकसष्ट. नियम स्पष्ट होता: गुण समान असल्यास वर असलेला वरच राहील. त्या ओळीपुढे तुमच्या अक्षरात पेन्सिलने लिहिले आहे, 'जागा ऑर्मरॉडला.'

स्वतःच्या मुलाचे नाव तुम्ही खोडलेत, बाई. आणि मी पंचेचाळीस वर्षे समजत होतो की मी त्याला हरवले.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसावी. जानेवारीत मला रसेलचीच सतरा क्रमांकाची खुंटी मिळाली. तो राहिलेली टोपी न्यायला वर आला, तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो, "हॅस्लम, खाली उतरायचा जिना तिकडे आहे." मुले हसली. त्याने वाकून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती. त्यानंतर आम्ही कधी नीट बोललो नाही. एकाच गावात राहून.

काल तो प्रदर्शनासाठी जुन्या खुंट्यांची फळी उतरवायला आला. सुतारकामाला त्याच्यासारखा हात या भागात दुसरा नाही. मी गुणतक्ता त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्माही लावला नाही.

"माहीत आहे रे. आईनं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, तुला घरी शिकवायला मी आहे. त्या पोराची आई धुलाईच्या कारखान्यात रात्रपाळीला असते, त्याला शाळेशिवाय कोण आहे? मी खूप रडलो. मग तिनं सफरचंदाचा केक केला आणि बीजगणित काढलं. केक बरा होता."

"म्हणजे मी जिन्यावर बोललो, तेव्हा तुला..."

"माहीत होतं."

"मग तेव्हाच सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू वर टिकला असतास? नुसता मान खाली घालून बसला असतास, गाढवा. आता ती फळी धर, बोटं सांभाळ."

मी फळी धरली. क्षमा मागितली ती फळीच्या दुसऱ्या टोकावरून, आणि तो "डावीकडे, डावीकडे" म्हणत राहिला. पण जाताना त्याने शनिवारी माझ्या शेजारची खुर्ची मागून घेतली.

नवे वाक्य असे आहे: 'बढती गुणांवर होत असे, एकदा मात्र एका शिक्षिकेने नियम मोडून स्वतःच्या मुलाची जागा दुसऱ्याच्या मुलाला दिली.' रसेलची हरकत नाही. "रडलो ते तेवढं छापू नकोस," म्हणाला. तुमची परवानगी गुरुवारी सायंकाळपर्यंत दूरध्वनीवर कळवावी. तुम्ही नाही म्हणालात, तर ती ओळ कोरी राहील. खोटे वाक्य मात्र मी छापणार नाही. ही शिस्त मला तुमच्याच वर्गात लागली.

मी पदवीधर झालो, या शाळेत परत आलो आणि तीस वर्षे तिचे कागद सांभाळले. त्यातला एक कागद वाचायला मला फार उशीर झाला, याचे वाईट वाटते. बाकी सारी कृतज्ञताच आहे.

तुमचा, आणि रसेलचाही, ऋणी,
क्लाइव्ह ऑर्मरॉड
खुंटी क्रमांक सतरा, रसेलने मोकळी केलेली