रविवारचं दार

आई, आज मंगळवार आहे, तरी तुला आई म्हणते आहे. लिहिताना हात थबकला. चाळिशी उलटली, तू जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, पण रविवार सोडून इतर दिवशी हा शब्द अजून जिभेवर सहज येत नाही. तू म्हणाली असतीस, "एवढं काय त्यात? हॉस्टेलच्या बाकीच्या मुलांना तेवढं तरी कुठे होतं?" तू नेहमी हेच म्हणायचीस, आणि ते खरं असायचं.

बाबा माझ्याकडे असतात, मद्रासमध्येच, अण्णा नगरला. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जाणं सोडून मी आता घरूनच काम करते. त्यांचं विसरणं चष्म्यापासून सुरू झालं. मग रस्ते गेले, मग तू गेल्याचं ते विसरले, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांची मराठी गेली. आपल्या नगर जिल्ह्याकडचा माणूस, स्वतःच्या आईच्या ओव्या ऐकत वाढलेला, आणि आता मी "पाणी देऊ का?" विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तमिळ मात्र शाबूत आहे. ज्या भाषेत चर्चमध्ये उपदेश केला, आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना केल्या, तुम्ही चालवलेल्या हॉस्टेलच्या मुलांना दटावलं, तीच राहिली. सकाळी अंथरुणातच हजेरी घेतात. एन्नोरची ती सगळी मुलं एकामागून एक येतात, कोणाचा बाप कोणत्या होडीवर होता तेसुद्धा त्यांना आठवतं. त्यांचं बघायला येणारी बाई "हजर, अय्या" म्हणत चादरी झटकते. मागे एकदा मला म्हणाली, "अक्का, आज मी पास. सगळे पाढे म्हटले. तुम्ही नापास, तुम्हाला उद्या बाकावर उभं करणार आहेत." मी हसले. त्या हजेरीत माझं नाव नाही. माझ्या धाकट्या भावाचंही नाही. आमची नावं तुम्ही हजेरीत घातलीच नव्हती. आम्ही तुमची होतो ना.

तुम्ही दोघं लग्नानंतर थोड्याच दिवसांत नगर सोडून मद्रासला आलात. आजीच्या लेखी तो परदेशच होता. ती म्हणायची, "देवाचं काम काय इकडं कमी आहे? तिकडं पोरांना कोणाच्या भाषेत निजवशील?" तू हसून तो विषय टाळायचीस. एन्नोरला कोळ्यांच्या वस्तीला लागून ते हॉस्टेल होतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख बसायची, दुपारपर्यंत पांढरी चादर करडी व्हायची आणि तू ती पुन्हा धुवायला टाकायचीस. ज्यांचे वडील समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत अशी मुलं तिथं होती, ज्यांच्या घरात सांभाळायला कोणीच उरलं नव्हतं अशीही होती. त्यातच एक नवी मुलगी आली, माझ्याहून लहान, आई नसलेली. मी तुला हाक मारते ते ऐकून तीही तुझ्या मागे मागे "आयी, आयी" करत फिरायला लागली. मी तिला म्हटलं, "ती तुझी नाही, माझी आहे." तू चुलीपाशी होतीस. तू मला मारलं नाहीस, रागावलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघा भावंडांच्या चटया मुलांच्या खोल्यांत गेल्या. आमची ताटं रांगेत गेली. त्या दिवसापासून तुला अम्मा म्हणायचं, बाबांना अय्या, सगळी मुलं म्हणतात तसंच. फक्त रविवारी उपासनेनंतर, मुलं दुपारची निजली की, आमच्या लहान स्वयंपाकघरात तू दार लावून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "हं, आता बोला."

तो तास मला अजून दिसतो. तू पिठलं करते आहेस. लसणाच्या फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीही लावलेली, आत आम्ही चौघं घामाने निथळतो आहोत. बाबा भाताला नावं ठेवतात, भाकरीची आठवण काढतात. धाकटा तुझ्या मांडीवर चढून नुसतंच आई, आई, आई म्हणतो, आठवड्याचं सगळं एकदम म्हणून टाकल्यासारखं. तू म्हणतेस, "अरे, कान किटले माझे." आणि त्याला खाली उतरवत नाहीस. बाहेर कोणी खोकलं की बाबा ओठांवर बोट ठेवतात. मग आम्ही कुजबुजत मराठी बोलतो. मी पुष्कळ मोठी होईपर्यंत मला वाटायचं की मराठी ही हळू आवाजातच बोलायची भाषा आहे.

आणि मग ते वादळानंतरचं पाणी. विहिरीत खाडीचं पाणी शिरलं होतं, मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सकाळ झाली तेव्हा कितीतरी चटयांवर मुलं निपचित पडलेली. व्हॅन एकच होती. तू आणि बाबा एकेकाला उचलून बाहेर नेत होतात. मी दारात बादली धरून उभी. धाकटा भिंतीपाशी होता, डोळे खोल गेलेले. बाबा त्याच्यापाशी थांबले. तुझ्याकडे बघितलं. व्हॅनमध्ये एका मुलाची जागा उरली होती, आणि धाकट्याच्या शेजारच्या चटईवर दुसरा एक मुलगा होता, तसाच. तू म्हणालीस, "त्या मुलाला आधी घ्या. आपला दुसऱ्या खेपेला जाईल." आपला म्हणालीस, त्याचं नाव घेतलं नाहीस. मला तेव्हाही ते कळलं होतं. तू त्याच्यापेक्षा त्या मुलावर जास्त प्रेम केलंस असं मी कधीच म्हणणार नाही. तो तुझा होता, म्हणूनच तो मागे राहिला. परका असता तर पहिल्या खेपेला गेला असता.

व्हॅन परत येईपर्यंत तू त्याच्याजवळ बसलीस, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत. ते तोंडाच्या कडेने ओघळत होतं. तो म्हणाला, "अम्मा, तण्णी." पाणी मागितलं. तू म्हणालीस, "आई म्हण. आता म्हण, बाळा, चालेल." त्याने खोलीभर नजर फिरवली, इतर चटयांवरची मुलं बघितली, आणि पुन्हा म्हणाला, "अम्मा." शहाणा मुलगा होता. नियम पाळायचा. दुसरी खेप झाली, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पहिल्या खेपेला गेलेला तो मुलगा वाचला. अजून नाताळला फोन करतो, बाबांची चौकशी करतो. मी त्याच्याशी नीट बोलते, आई. खरंच नीट बोलते.

धाकट्याला पुरलं त्या दिवशी सगळं हॉस्टेल रडत होतं आणि तू एकेकाला जवळ घेत होतीस. मीही त्या रांगेत होते. माझी पाळी आली तेव्हा तू मला इतरांएवढाच वेळ जवळ धरलंस. त्यानंतर रविवारचं ते दार तू कधी लावलं नाहीस. पिठलंही केलं नाहीस. दार उघडं राहिलं आणि नियम तसाच राहिला, इस्पितळात तुझ्या शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी नर्सला सांगत होते, "अम्माला उशी द्या."

आता बाबा मला हॉस्टेलमधली एक मुलगी समजतात. कोणती ते त्यांना आठवत नाही, आणि त्यांना त्याची लाज वाटते. गेल्या आठवड्यात मी त्यांना जेवण भरवत होते, तर माझा हात धरून तमिळमध्ये विचारलं, "तुझं गाव कुठलं, पोरी?"

"एन्नोर, अय्या."

"इथलीच? मग तुझे अप्पा-अम्मा भेटायला का येत नाहीत?"

"त्यांना काम असतं."

"काम?" ते एवढ्या जोरात बोलले की बाई आतून धावत आली. "पोरीहून मोठं काम? कसली माणसं ही! मी बोलतो त्यांच्याशी. येऊ देत एकदा." मग स्वयंपाकघराकडे तोंड करून तुला हाक मारून सांगितलं, "हिच्या ताटात एक मासा जास्त घाल. कोणी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांग." बाई मला कोपराने ढोसत म्हणाली, "बघा अक्का, तुमचा वशिला लागला." मी उठून नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिले. हॉस्टेलच्या त्या सगळ्या वर्षांत मला एक मासा जास्त मिळाला नव्हता. तो मिळाला तो कोणाचीच नसलेली पोर म्हणून.

परवाच्या रविवारी बाई सुट्टीवर होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी पिठलं केलं. लसूण भरपूर घातला, खिडकी उघडी ठेवली. बाबांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. पहिला घास तोंडात गेला आणि ते चावायचे थांबले. पिठल्याकडे बघत राहिले. मी इतके दिवस अय्याच म्हणत होते, कारण दुसऱ्या हाकेला ते वळतच नाहीत. तरी म्हटलं, "बाबा."

त्यांनी घाईने दाराकडे बघितलं. ओठांवर बोट ठेवलं. आणि मराठीत, अगदी हळू म्हणाले, "अगं, हळू. पोरं ऐकतील."

मी उठले आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. बाहेर कोणीही नव्हतं, रिकामा दिवाणखाना होता. तरी खिडकीसुद्धा लावली. ते खुर्चीत सैल झाले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझं नाव घेतलं. मग इकडेतिकडे बघून विचारलं, "आणि धाकटा?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं तोंडातून निघेना. मी म्हटलं, "येतोय, बाबा. दुसऱ्या खेपेला."

त्यांनी मान हलवली. "मग त्याला ठेव थोडं," म्हणाले. मी एका वाटीत काढून ठेवलं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्यांनी मला पुन्हा गाव विचारलं.

हे लिहून झालं की कागद घडी घालून बेसनाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरी कुठली जागा सुचत नाही. एकच सांगायचं राहिलं. धाकट्याच्या वाटीतलं पिठलं मी त्या संध्याकाळी ओट्याशी उभी राहून, दार लावून, संपवलं. आणि तुझ्यासाठी काढून ठेवायचं, आई, मला सुचलंच नाही.